मधलं पिंप

धाकट्याने मधल्या पिंपाची तोटी सोडली, पेल्यात बोटभर बिअर घेतली, ओठाला लावली आणि तशीच सिंकमध्ये थुंकली.

"नासली," तो म्हणाला. "संध्याकाळच्या लोकांना फोन करून टाक, ताई. येऊ नका म्हणावं."

थोरलीने पेला घेऊन हुंगला. नाकात चढणारा आंबट वास होता, आणि त्याच्या मागे जुन्या ओल्या फडक्यासारखं काहीतरी. तिने पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला, दुसरीकडे ठेवला. बाबा गेल्यापासून तिचे हात एका जागी राहत नव्हते.

स्वयंपाकघराच्या मागची ती अरुंद खोली एकेकाळी कपडे धुण्याची होती. निवृत्त झाल्यावर बाबांनी तिथे बिअर करायला सुरुवात केली. भिंतीशी स्टीलची तीन सारखी पिंपं. शेवटची बिअर त्यांनी एकाच दिवशी, एकाच भांड्यात शिजवून तिन्हींत वाटली होती, आणि ती तयार व्हायच्या आत एका सकाळी झोपेतच गेले. दर महिन्याला येऊन त्यांची बिअर पिणारे आणि पिता पिता तिला नावं ठेवणारे मित्र आज संध्याकाळी ती उघडायला येणार होते.

"बाकीची दोन चाखलीस?" थोरलीने विचारलं.

"कशाला? खाली वाकून पेला धरत बसू? एक नासलं म्हणजे तिन्ही नासली. नीट धुतली नसणार त्यांनी." धाकट्याने पेला विसळला. "शेवटी शेवटी त्यांचं डोकं चालत नव्हतं, ताई. तू लांब राहतेस. इथे मी बघत होतो."

हेच त्याने अंत्ययात्रेतही सगळ्यांना सांगितलं होतं. दुष्टपणाने नव्हे, भेटायला येणाऱ्यांना काहीतरी सांगावं लागतं म्हणून. लोक मान हलवत होते, सुटले बिचारे म्हणत होते, आणि थोरलीला उलटून एक शब्द बोलता आला नव्हता, कारण तिच्याजवळ फोनवरच्या आवाजापलीकडे काही नव्हतं. बाबा गेले हे ती सोसत होती. पण ते आधीच थोडे थोडे जात होते आणि आपल्याला पत्ताही लागला नाही, हे मात्र तिला सोसवत नव्हतं.

तिने फोन उचलला. पण मित्रांना नाही, मावशीला लावला.

मावशी कोणाची सख्खी मावशी नव्हती. पाण्याच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत तिने उमेदीची वर्षं घालवली होती, आणि तिथून सुटल्यावर ती लोकांच्या खाजगी भानगडी तपासायची: दुधातली भेसळ, निनावी पत्रं, गायब झालेले दागिने. काटकुळी बाई, केस आखूड कापलेले, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघायची. तिची गाडी चालवायला वकील असायचा. वकिली सोडलेला, पोट सुटलेला, मनाने अगदी साधा माणूस. समोर आलेला पहिला माणूस त्याला गुन्हेगार वाटे, आणि दुसरा आला की पहिला निर्दोष.

"तक्रार काय?" मावशीने दारातच विचारलं.

"बिअर नासली आहे. ती बाबांच्या हातून नासली की दुसऱ्या कोणाच्या, ते मला हवंय," थोरली म्हणाली. "संध्याकाळच्या आत."

"मुलानेच नासवली," वकील कुजबुजला. त्याने धाकट्याला अंगणात पाहिलं होतं.

"तू आधी गाडीची किल्ली काढून घे," मावशी म्हणाली. "तशीच राहिली आहे."

मागच्या खोलीत शिरल्यावर मावशी बराच वेळ नुसती उभी राहिली. तीन पिंपं. दोन जमिनीवर, मधलं एका लाकडी स्टुलावर. झाकणं घट्ट. प्रत्येक झाकणातून काचेची एक वाकडी नळी वर आलेली; तिच्या वळणात पाणी असतं, आतला वायू त्यातून बुडबुडत बाहेर पडतो आणि बाहेरची हवा आत जात नाही. कडेच्या दोन नळ्यांची वळणं भरलेली होती. मधल्या नळीत तळाला टिपूसभर ओल होती.

"एवढं काय बघता?" धाकटा मागून आला. "झाकण उघडा की. जे असेल ते दिसेल."

"दिसेल, पण नंतर दाखवण्यासारखं राहणार नाही. आत सगळं चांगलं असलं तर तुमच्या बघण्यानेच नासायचं."

"म्हणजे पोलादाच्या आरपार बघणार तुम्ही?"

"नाही, ऐकणार."

तिने बोटाच्या पेराने डावं पिंप वरून खाली वाजवत नेलं. वर पोकळ आवाज. मग एका जागी तो बद्द झाला. उजव्या पिंपाचा आवाज बरोबर तिथेच बदलला. मधल्याचा मात्र, काठापासून मोजून, आणखी चार बोटं खाली बदलला.

"कोणीतरी पितंय!" वकील म्हणाला.

मावशी गुडघ्यांवर बसली. कडेच्या दोन्ही तोट्यांवर चंदेरी कागदाच्या टोप्या बांधलेल्या होत्या, धूळ बसलेल्या. मधल्या तोटीवर टोपी नव्हती. तिच्या तोंडाशी तपकिरी, चिकट खरपुडी धरली होती आणि दोन बारीक चिलटं तिथून हलायला तयार नव्हती.

"वडिलांचं डोकं चालत नव्हतं, असं तुम्ही म्हणता," ती खालूनच धाकट्याला म्हणाली. "कशावरून?"

धाकट्याचं सगळं तयार होतं. "एक म्हणजे गॅस. चालू ठेवून फिरायला गेले. दुसरं, ताईला फोनवर म्हणाले, माझ्या पिंपाला कोणीतरी हात लावतंय. घरात कोण लावणार हात? मी बिअर पीत नाही, आत्या तिच्या वाऱ्याला उभी राहत नाही. तिसरं, त्या नळीत लोक पाणी घालतात. बाबांनी चांगली सीलबंद व्होडका फोडली आणि नळीत ओतली. तीही एकट्या मधल्याच्या! मी विचारलं, तर म्हणे त्याला थंडी वाजते."

वकील हसला आणि मावशीने बघताच गप्प झाला.

"आणि हे स्टूल. जायच्या थोडे दिवस आधी मला हाक मारली. हे पिंप उचलून स्टुलावर ठेव म्हणाले. का? तर असंच. भरलेलं पिंप! माझी कंबर धरली. हे शहाण्या माणसाचं लक्षण आहे?"

"आणि ही खोली रिकामी झाली तर तुम्ही इथे काय करणार?"

धाकटा लाल झाला. "टेबल टाकणार. घरून काम करतो मी. बैठकीच्या खोलीत बसलो की येणारा जाणारा विचारतो, सुट्टी आहे का म्हणून. पण म्हणून मी बापाची बिअर नासवीन?"

"मी कुठे म्हटलं?" मावशी उठली. "मी टेबलाबद्दल विचारलं."

तेवढ्यात मागचं दार वाजलं आणि मास्तर आत आले. बाबांचे शाळेपासूनचे मित्र आणि बिअरमधले जोडीदार. मागच्या दाराची एक किल्ली त्यांच्याकडेच असायची. नासल्याचं कळताच ते दाराच्या चौकटीला टेकले.

"शक्य नाही. तो एक चमचा तीनदा उकळायचा."

"किल्लीवाला!" वकिलाने मावशीच्या कानात सांगितलं. "आत्ता माझ्या लक्षात आलं."

"मास्तर," मावशीने विचारलं, "पिंपात दिसत नाही. मग आतली बिअर ठीक आहे हे तुम्ही ओळखता कसं?"

मास्तरांना वर्ग मिळाला. "बुडबुडे ऐकायचे. नळीशी वास घ्यायचा. आणि खात्रीच हवी असेल तर कांडी." त्यांनी फळीवरून काचेची एक तरंगती कांडी काढली, तिच्या मानेवर रेघा होत्या. "बिअरमध्ये जेवढा गोडवा उरला असेल तेवढी ही वर तरंगते. यीस्ट आपल्यापुरतं खातं आणि थांबतं. नको ते जंतू शिरले की उरलासुरला गोडवाही फस्त करतात आणि कांडी खाली बसते. ती कोणाची भीड ठेवत नाही."

"तुम्ही शेवटचं कधी प्यायलात?"

"डॉक्टरांनी बंद केलीय. मी आपला वास घ्यायला येतो. वासावर अजून बंदी नाही." ते हसले, पण हसू टिकलं नाही. "खरं सांगू का, महिनाभर त्याचं काहीतरी बिनसलं होतं. आधी तो स्टुलावर बसायचा, मी इथे दारात, आणि आमची भांडणं चालायची. मग स्टुलावर पिंप गेलं आणि तो उभ्या उभ्याच बोलायला लागला. रोज मी यावं तर हा स्पिरिटचा बोळा घेऊन तोटी पुसतोय. मी म्हटलं, अरे, ती उघडायला अजून अवकाश आहे, आत्तापासून काय पुसतोस? तर म्हणाला, सवय. इतक्या वर्षांत त्याची असली सवय मी पाहिली नव्हती."

"कुठली तोटी?"

"मधली." मास्तरांनी डोळे मिटून आठवलं. "हो, मधलीच. बाकीच्यांना टोप्या होत्या."

थोरली बाहेर गेली. तिला ऐकवेना. जो येत होता तो बाबांच्या वेडाचा आणखी एक तुकडा आणून ठेवत होता, आणि हे सगळं तिने स्वतःच बोलावलं होतं. तिने बैठकीतल्या खुर्च्या भिंतीला लावल्या, मग गोल मांडल्या, मग पुन्हा भिंतीला लावल्या.

मावशी तिथे येऊन उभी राहिली. "तो फोन. पिंपाला कोणीतरी हात लावतंय म्हणाले, तेव्हा आवाज कसा होता? घाबरलेला?"

"नाही."

"चिडलेला?"

"नाही... मध्येच खोकला आला त्यांना. दाबल्यासारखा. मी म्हटलं, बाबा, औषध घ्या. तर म्हणाले, याला औषध नाही. मग विषय बदलला. आत्याशी गोड बोलत जा म्हणाले, ती आता थकलीय." थोरलीने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "मी ते धाकट्याला सांगितलं. काळजीने सांगितलं. त्याने ते त्याच्या यादीत घातलं."

"पाव खाल्लास का आज?"

"काय?"

"वास येतोय मघापासून. चल, आत्याबाईंना भेटू."

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. नवरा गेल्यापासून याच घरात. बिअरवरून बहीण-भावात जे महायुद्ध झालं होतं ते घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. माझ्या ओट्यावर तुझ्या त्या पिंपातला एक थेंब जरी आला तरी मी या घरात राहणार नाही, असं आत्याने चारचौघांत सांगितलं होतं, आणि बाबांनी त्या दिवसापासून दोन खोल्यांमधलं दार लावून घ्यायला सुरुवात केली होती.

"या," आत्या म्हणाली. "चौकशीवाल्या तुम्हीच ना? चौकशी उपाशीपोटी होत नसते."

ओट्यावर ताजा पाव होता. शेजारी मोठ्या भांड्यात संध्याकाळचं पीठ फडक्याखाली फुगत होतं. फडकं मधोमध उचललं गेलं होतं. आत्याने सुरी घेतली, ती हातातून निसटली आणि खाली पडली.

"वकीलसाहेब, तेवढी उचला हो. माझे गुडघे संपावर आहेत. खाली पडलेलं ते खाली राहिलेलं, असा आता माझा कायदा आहे."

वकिलाने सुरी उचलली आणि त्याबद्दल मिळालेले तुकडे लोणी लावून एकामागून एक संपवले. "काय मऊ आहे हो! ढगच. कडेला किंचित कडवट लागतो, पण तेही बरं लागतं."

"कडवट लागत असेल तर खाऊ नका."

"नाही नाही, आणखी एक द्या."

मावशीने लोणी नको म्हटलं. तिने नुसती कड तोडली आणि सावकाश चावली. "माझा पाव विटेसारखा होतो. यीस्ट कुठलं वापरता तुम्ही?"

"दुकानातलं."

"पाकीट असेल तर दाखवा ना. तेच आणीन."

"संपलं." आत्या पाठमोरी झाली आणि नळ सोडला. "या गडबडीत कोण बाजारात जातंय? येणारे-जाणारे चालू आहेत, रोज भाजावा लागतो. घर उठायच्या आत पीठ भिजवते मी."

"भाऊ खायचे का तुमचा पाव?"

"खायचा? आधी नावं ठेवायचा. दगड म्हणायचा. मग हल्ली महिनाभर काय झालं कोण जाणे, बोटं चाटून खायचा आणि माझ्याकडे बघून उगीचच हसायचा." आत्याने नळ बंद केला, पण वळली नाही. "मलाही वाटलं तेव्हा, की धाकटा म्हणतो ते खरं असेल."

मावशीने मग मागच्या खोलीत कोणाला येऊ दिलं नाही, थोरली आणि वकील सोडून. एक पातळ रबरी नळी उकळून घेतली. काचेची नळी काढून त्या भोकातून ती वरूनच आत सोडली आणि तिन्ही पिंपांतून एकेक उंच पेला भरून घेतला. प्रत्येकात कांडी तरंगवली. थोरली बघत होती: पहिल्यात कांडी एका रेघेवर थांबली. दुसऱ्यात त्याच रेघेवर. तिसऱ्यात त्याच रेघेवर. मावशीने तिन्ही पेले हुंगले, चाखले आणि वर बशा झाकल्या. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"मास्तर," वकील म्हणाला. "शंभर टक्के. वास घ्यायला येतो म्हणे!"

"आणि मुलगा?"

"त्याला मी सोडून दिलं. बिचाऱ्याची कंबर धरली होती."

"माझ्याबरोबर इतकी वर्षं काढलीस," मावशी म्हणाली, "आणि अजून तू माणसांच्या तोंडाकडे बघतोस. सगळ्यांना इथे बोलाव. आणि आधण ठेव."

खोली इतकी लहान की पाच माणसं आणि वकील मावायला वकिलाला दारात उभं राहावं लागलं. आत्या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदाच आल्यासारखी, हात अंगाशी धरून उभी होती.

मावशीने मधल्या तोटीखाली पेला धरला, बोटभर बिअर घेतली आणि वकिलाच्या हातात दिली. त्याने विश्वासाने घोट घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

"सकाळी यांनी हीच चाखली," मावशी म्हणाली. "आणि निकाल दिला. आता बघा."

तिने तोटीवर उकळतं पाणी ओतलं, बोळ्याने आतबाहेर पुसलं, स्पिरिट लावलं, पुन्हा पाणी ओतलं. खरपुडी सुटून गेली. थोडी बिअर वाहू दिली आणि दुसरा पेला भरला. वकिलाने तो संशयाने घेतला. मग सगळा प्यायला.

"ही तर झकास आहे!"

"तीच आहे. त्याच पिंपातली. वरून काढलेलीही तशीच. कांडी तिन्ही पिंपांत एकाच रेघेवर थांबते, थोरलीने पाहिलंय. पिंप नासलं असतं तर मधली कांडी खाली गेली असती. पिंपात काही झालेलं नाही. नासलीय फक्त तोटी, तिच्या तोंडातली बोटभर बिअर. आत दिसत नाही म्हणून प्रत्येक जण बोटभर काढून बघतो, आणि ते बोटभरच नेमकं नासलेलं असतं."

मास्तरांनी धाकट्याकडे बघितलं. "म्हणजे तू ही ओतून देणार होतास?"

"मला काय माहीत!" धाकटा म्हणाला. "पण तोटी तरी कोणी घाण केली? बाबांनीच ना?"

"तोटी सोडल्याशिवाय तिच्यात बिअर येत नाही. आणि या पिंपातली चार बोटं बिअर गेली आहे. एकदम नाही, थोडी थोडी. खालून बिअर काढली की वरून तेवढी हवा आत ओढली जाते, आणि नळीतलं पाणी तिच्याबरोबर आत जातं. म्हणून ही नळी कोरडी पडते, बाकीच्या दोन नाहीत. तुमच्या वडिलांनी ते पाहिलं. पिंपाच्या आत न बघता त्यांना कळलं, की या पिंपाला कोणीतरी हात लावतंय. ते बरोबर बोलत होते."

थोरलीने दाराची कडी धरली.

"मग त्यांनी काय केलं? नळीत व्होडका घातली. पाणी आत ओढलं गेलं तर त्यातून जंतू जातील. व्होडका गेली तर काही बिघडत नाही. म्हणून एकट्या मधल्याच नळीत घातली. आणि रोज सकाळी तोटी पुसली, कारण रोज सकाळी ती कोणीतरी उघडत होतं."

"आणि चोराला पकडलं का नाही?" वकिलाने विचारलं.

"चोर म्हणू नकोस. पिणारा माणूस पेलाभर घेतो, वाटीभर नाही. आणि पिणारा तळाचा गाळ टाळतो, ह्या माणसाला तोच हवा होता. बिअरच्या तळाशी काय बसतं, मास्तर?"

"यीस्ट," मास्तर म्हणाले. आणि मग हळूच, "अरे देवा."

"जिवंत, ताजं, दुकानात मिळणार नाही असं. त्याने पाव ढगासारखा होतो. फक्त बिअरला कडू करणाऱ्या हॉप्सच्या फुलांची चव कडेला राहते. दुकानातलं यीस्ट तर संपलंय म्हणतात, आणि पीठ तिकडे—"

"पुरे," आत्या म्हणाली.

तिने अंगाशी धरलेले हात सोडले.

"मीच नेत होते. एकदा दुकानातलं नव्हतं, म्हणून वाटीभर नेलं. इतका चांगला झाला की मग राहवेना. सांगणार कुठल्या तोंडाने? एक थेंब येऊ देणार नाही म्हणून ओरडले होते. त्याच्यानंतरही नेत राहिले. म्हणजे त्याची बिअर मीच नासवली. त्याची शेवटची."

"नासली नाही, आत्या," थोरली म्हणाली. "ऐकलंस ना."

"आणि ऐकायचं राहिलंय ते पुढे आहे," मावशी म्हणाली. "पूर्वी तिन्ही पिंपं जमिनीवर होती. तोटीशी जायचं तर वाकायला हवं. तुमचे गुडघे संपावर. तुम्ही कशा काढत होतात?"

"भिंतीला धरून. कशीबशी. एकदा तर उठताच येईना."

"आणि मग?"

"मग ते स्टुलावर आलं. मला वाटलं, चला, बरं झालं..."

आत्याने स्टुलाकडे पाहिलं.

"भरलेलं पिंप त्यांना उचलवत नव्हतं, म्हणून मुलाला हाक मारली," मावशी म्हणाली. "कशासाठी ते सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुमची फजिती झाली असती. आणि स्टूल कुठलं घेतलं? स्वतःचं बसायचं. त्यानंतर मास्तरांशी उभ्यानेच बोलले. पाव बोटं चाटून खाल्ला आणि तुमच्याकडे बघून हसले. लेकीला फोनवर सांगायला गेले आणि त्यांना हसू आवरेना. तिला तो खोकला वाटला. हे सगळं ज्याचं डोकं चालत नाही त्याचं काम नाही. अशा माणसाला इतकं सगळं पोटात ठेवता येत नाही."

"त्याला माहीत होतं?" आत्याने विचारलं. "आणि मला एका शब्दाने बोलला नाही?" तिने तोंडावर हात धरला. "लबाड मेला!"

धाकटा भिंतीकडे बघत होता. "पण मग तोटी..."

"ते गेले त्या दिवसापर्यंत तोटी स्वच्छ होती. रोज कोणीतरी मागून पुसत होतं. मग पुसणारा राहिला नाही, एवढंच झालं. आणखी काही दिवस गेले असते तर कोरड्या नळीतून पिंपही गेलं असतं. तुमच्या बहिणीने मित्रांना फोन केला नाही, हे बरं झालं."

"आणि गॅस?" धाकट्याने अगदी हळू विचारलं.

"गॅसचं मला माहीत नाही. विसरले असतील. मलाही विसरायला होतं. मला पिंपाचं विचारलं होतं, पिंपाचं सांगितलं."

थोरलीला तेवढं पुरलं. तिने पुढे काही विचारलं नाही.

मावशी संध्याकाळसाठी थांबली नाही. वकील मात्र थांबायला तयार होता. त्याला पावाचा अर्धा भाग कागदात बांधून देऊन गाडीपर्यंत न्यावं लागलं.

उजेड उतरायच्या सुमाराला मित्र येऊ लागले. पहिले टॅक्सीवाले काका आले. बाबांबरोबर भांडण्यात मास्तरांच्या खालोखाल त्यांचाच नंबर. त्यांनी धाकट्याचे दोन्ही हात हातात घेतले.

"चांगला माणूस होता. पण शेवटी शेवटी भ्रम झाला होता म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"अरे, तूच म्हणालास. अंत्ययात्रेत."

धाकट्याने हात सोडवून घेतले, मग पुन्हा स्वतःच धरले.

"मी चुकीचं सांगितलं, काका," तो म्हणाला. "ते शेवटपर्यंत शाबूत होते. या घरात काय चाललंय ते आम्हा सगळ्यांपेक्षा त्यांनाच जास्त कळत होतं. मलाच काही कळलं नव्हतं."

धाकटा पुढच्या माणसाकडे वळला. त्याने अजून काही विचारलं नव्हतं, नुसता बूट काढत होता. धाकट्याने त्यालाही तेच सांगितलं. मग तिसऱ्याला. शब्द दर वेळी वेगळे येत होते, कधी अडखळत, कधी एका दमात.

थोरली दाराशी उभी होती. शेवटच्या माणसाला सांगून होईपर्यंत ती तिथून हलली नाही.